आपाच्या विहिरीतला कारा

बाटलीचं झाकण काढलं की चाचा आधी वास घ्यायचे आणि मग जाहीर करायचे, "विहीर बराबर हाय, सर." आत कोणतं शेवाळ आहे, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता.

लातूरच्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते आणि मी नुकताच शिकवायला लागलो होतो. प्रात्यक्षिकासाठी गोड्या पाण्यातलं हिरवं शेवाळ आणायचं काम त्यांचं. एसटीनं गावोगाव जायचे, विहिरीत उतरायचे, बाटल्या भरून आणायचे. चिठ्ठीवर शेवाळाचं नाव मात्र कधीच नसायचं. 'देशमुखांची बारव, तिसरी पायरी.' 'सोनाराचा आड.' मी स्पायरोगायरा मागितला की क्षणभर विचार करून म्हणायचे, "म्हंजे देशमुखांचं."

मी त्यांना वर्गीकरण समजावून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या पुस्तकातली नावं बदलत राहत्यात, सर. विहीर न्हाई बदलत."

नावं खरंच बदलत होती. कारा नावाच्या शेवाळाला इतर हिरव्या शेवाळांत बसवायचं की वेगळं काढायचं, यावर आमच्याच कपाटातल्या दोन पुस्तकांचं पटत नव्हतं.

हा कारा यायचा त्यांच्या मोठ्या बहिणीच्या विहिरीतून. किल्लारीजवळच्या एका गावात ती दिलेली. चिठ्ठीवर 'आपाची विहीर'. काराच्या अंगावर चुना साचतो, म्हणून तो हाताला कचकच लागतो, आणि त्याला लसणासारखा वास येतो.

"आपा म्हणती, तू मला भेटाया येतो का कचरा न्यायला?"

"मग तुम्ही काय म्हणता?"

"दोन्ही म्हणतो. ती भाकरी बांधून देती."

काराच्या फळासारख्या बारीक गोळ्यांवर चुन्याचं कवच चढतं, ते दगड होऊन टिकतं, आणि आपल्या काळ्या खडकांच्या थरांमध्ये दबलेल्या जुन्या तळ्यांच्या गाळात अजून सापडतं, असं मी एकदा वर्गात सांगत होतो. चाचा मागं बाटल्या पुसत होते. तास संपल्यावर विचारलं, "तळं गेलं तरी ते राहतंय?"

"राहतं."

"लई चिवट हाय की."

मग भूकंप झाला. चाचा पंधरा दिवसांनी कामावर आले. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. आल्या आल्या रिकाम्या बाटल्या धुवायला घेतल्या. मी विचारलं, "कसं आहे तिकडे?"

"विहीर बुजली, सर. आपा बी गेली." बाटली फुटली हे ज्या आवाजात सांगत, त्याच आवाजात. थोड्या वेळानं म्हणाले, "यंदा कारा दुसरीकडून बघावा लागंल."

विहीर बदलत नाही, हे त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

पुढं कॉलेजच्या तपासणीला समिती येणार म्हणून प्राचार्यांनी शास्त्र मनावर घेतलं. टाइप केलेल्या चिठ्ठ्या लावा, जुन्या काढा. मी चाचांना सांगितलं. चिठ्ठ्या सुटाव्यात म्हणून त्यांनी बाटल्या गरम पाण्यात बुडवल्या.

समिती आली. एका सदस्यांनी खांद्यावरची सत्काराची शाल सावरत नेमकी काराची, भूकंपाआधीची बाटली उचलली. पुढं टाइप केलेलं नाव. मागं, भिंतीकडच्या बाजूला, जुनी चिठ्ठी तशीच.

"'आपाची विहीर'? हे काय प्रकरण आहे?"

सगळे हसले. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी चाचांकडं. मला सगळं माहीत होतं. मी बोललो नाही.

"राहून गेली, साहेब. काढतो," चाचा म्हणाले आणि बाटली घेऊन बेसिनकडं गेले. चिठ्ठी निघायला वेळ लागला. समिती चहाला गेली तरी नळ चालू होता.

चाचा निवृत्त झाले, नंतर गेलेही. शहरात शिकवण्यांचं पेव फुटलं. प्रयोगशाळेत कुणी थांबेना, शेवटी कपाटं रिकामी केली. मीही आता एका क्लासमध्ये शिकवतो. काराचा गट कोणता, यावर चार पर्यायांचा प्रश्न असतो. कुठल्या विहिरीतला, ते कुणी विचारत नाही.

ती बाटली माझ्या टेबलावर आहे. पाणी कधीच उडून गेलंय; तळाशी पांढरी कचकच उरली आहे. टाइप केलेली चिठ्ठी अजून पक्की. मागच्या बाजूला डिंकाचा एक चौकोन राहिलाय. पुसला तरी धूळ आधी त्याच्यावरच बसते.