धाकटीची शर्यत

धाकटी बहीण भारताच्या संघात निवडली गेली आणि आमच्या बाबांना आयुष्यात पहिल्यांदा परदेशात जावंसं वाटलं. परदेश म्हणजे नेपाळच. शेजारच्या देशांचे मिळून खेळ काठमांडूला होते आणि त्यात तिची पंधराशे मीटरची शर्यत होती. बाबांचं वय बहात्तर. अल्लीपूरला त्यांचं किराण्याचं दुकान. आईचे गुडघे गेलेले, तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता. म्हणून बाबांनी मला वर्ध्याला फोन केला.

"तू चाल माह्यासंगं," ते म्हणाले. "जवाईबापूले सांग, आठ दिवस दुकान एकट्यानं पाहा म्हणा."

आमचं हार्डवेअरचं दुकान मी आणि नवरा मिळून चालवतो. नवरा म्हणाला, जा. मलाही जायचंच होतं. धाकटीला पळायला मी शिकवलं होतं.

तिच्यात आणि माझ्यात पंधरा वर्षांचं अंतर. माझं लग्न झालं तेव्हा ती चार वर्षांची होती. सातवीनंतर तिला शिक्षणासाठी माझ्याकडे वर्ध्याला ठेवली. मी तिला रोज पहाटे मैदानावर न्यायची. घरात सांगताना, पोरीचं अंग फार सुटून राह्यलं, म्हणून नेते, असं सांगायची. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की हिच्या पायात काहीतरी आहे. नवऱ्याचा मोबाईल हातात धरून मी तिच्या फेऱ्यांची वेळ घ्यायची. दमली की तिचा डावा खांदा खाली जायचा, तो मी दोन वर्षं रोज ओरडून ओरडून सरळ केला. दहावीनंतर ती पुण्याला प्रशिक्षणाला गेली, पुढे खेळाडू म्हणून सरकारी नोकरीत लागली. तिथून पुढे तिचे गुरू वेगळे होते. माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

नागपूरहून गोरखपूरच्या गाडीत बसलो. इटारसी यायच्या आत आख्ख्या डब्याला माहीत झालं की या काकाची मुलगी भारताकडून पळते. बाबांनी मोबाईलमधले तिचे फोटो सगळ्यांना दाखवले. समोरच्या बाकावर सुट्टीवर घरी निघालेला एक फौजी होता. त्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "बहनजी भी खेलती थीं क्या?"

बाबा हसले. "नहीं नहीं, ये तो घर-गृहस्थी वाली है."

मी तिखट पुऱ्यांचा डबा उघडला आणि फौजीला दोन पुऱ्या दिल्या.

मी आठशे मीटर पळायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, अल्लीपूरहून बसनं हिंगणघाटच्या कॉलेजला जायची. विद्यापीठाच्या स्पर्धेत पहिली आले आणि पुढच्या शिबिरासाठी निवड झाली. शिबिर परराज्यात, पंचवीस दिवसांचं. फॉर्मवर वडिलांची सही लागत होती. मी तो फॉर्म दुकानात नेऊन गल्ल्याशेजारी ठेवला. बाबांनी वाचला. एक बाई पावभर जिरं मागत उभी होती. बाबांनी तोच कागद गुंडाळून पुडा केला, त्यात जिरं भरलं आणि तिच्या हातात दिलं.

"अर्ध्या चड्डीत पळणाऱ्या पोरीले सोयरीक कोण देईन?" एवढंच ते बोलले, तेही ती बाई गेल्यावर.

मी नवा फॉर्म आणू शकले असते. आणला नाही. दुसरा पुडा बघायची माझी हिंमत नव्हती. चार महिन्यांत माझं लग्न झालं.

सोनौलीला सीमा पायीच ओलांडली. पुढे बसनं अख्खा दिवस घाटातून. बाबांना तीन वेळा उलटी झाली, मी त्यांची पाठ चोळत होते. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, लहान मुलासारखा. त्या बसमध्ये मला त्यांच्याबद्दल मायाच वाटत होती, हेही खरं लिहायला हवं.

शर्यतीच्या दिवशी काठमांडूत ऊन होतं, पण हवा बोचरी. स्टेडियमबाहेर एक पोरगी गालावर झेंडे रंगवून देत होती. बाबांनी दोन्ही गालांवर तिरंगा काढून घेतला. मला म्हणाले, "तूबी काढ." मी नको म्हटलं. मग त्यांनी मोठा झेंडा माझ्या हातात दिला आणि आम्ही भारतातून आलेल्या लोकांत जाऊन बसलो. कुणीतरी ढोल आणला होता.

पंधराशे मीटर म्हणजे मैदानाच्या पावणेचार फेऱ्या. धाकटी निळ्या पोशाखात होती. पहिल्या दोन फेऱ्या ती चौथ्या नंबरवर राहिली, अगदी मी शिकवल्यासारखी. तिसऱ्या फेरीत दोघींना मागे टाकून ती दुसरी आली. पुढे श्रीलंकेची मुलगी, उंच, सडपातळ. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा आमच्यातले सगळे उभे राहिले. बाबा बाकावर चढले. "पळ माय पळ," असं त्यांचं चाललं होतं. शेजारचा माणूस त्यांना धरून होता, कारण त्यांचा तोल जात होता.

समोरच्या वळणावर तिचा डावा खांदा खाली गेला. ते फक्त मला दिसलं. मी ओरडायला हवं होतं. तिच्यापर्यंत आवाज गेला नसता, पण ओरडायला हवं होतं. मी बाकावर चढलेल्या बाबांकडे पाहिलं. गालांवरचा रंग घामानं ओघळलेला, डोळ्यांत पाणी. आणि माझ्या मनात आलं, हरू दे हिला.

ती दुसरी आली. रौप्यपदक. लोकांनी मला मिठ्या मारल्या, माझ्या हातातला झेंडा ओढून घेऊन नाचवला. मीही रडले. का, ते कुणी विचारलं नाही.

पदक मिळाल्यावर ती कुंपणापाशी आली. आधी बाबांच्या पाया पडली, मग माझ्या गळ्यात पडली. तेवढ्यात मोबाईलवर मुलाखती घेत फिरणारा एक मराठी मुलगा तिथे आला. त्यानं बाबांपुढे माइक धरला. मुलीला एवढं पुढे आणलं, गावाकडे विरोध नाही झाला का, असं काहीतरी त्यानं विचारलं.

बाबा म्हणाले, "लोकं काहीबी बोलते. पण आमच्या घरात पोरीले कधी अडवलं नाई. मी सोता तिले रोज ग्राउंडवर नेत होतो."

मी दोन हात अंतरावर उभी होते. मुलानं माइक धाकटीकडे वळवला. ती म्हणाली, "बाबांमुळंच सगळं." मग त्यानं मला जरा बाजूला व्हायला सांगितलं, दोघांचाच फोटो हवा होता.

संध्याकाळी संघातून धाकटीला दोन तास बाहेर सोडलं. आम्ही तिघं एका लहानशा हॉटेलात चहा पीत बसलो. बाबा तो मुलाखतीचा व्हिडिओ तिसऱ्यांदा लावत होते.

मी म्हटलं, "बाबा, मले अडवलं होतं तुमी."

त्यांनी मोबाईलवरून मान वर केली. "तुले? कायच्यासाठी?"

"माही निवड झालती. फॉर्म आणला होता. तुमी त्याचा पुडा केला."

मला वाटलं होतं ते चिडतील, किंवा नजर चुकवतील. तसं काहीच झालं नाही. ते खरोखर आठवत होते. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे.

"तू पळत होती?" त्यांनी विचारलं.

त्यांना आठवतच नव्हतं. बावीस वर्षं मी जे पोटात घेऊन फिरले, ते त्यांच्या डोक्यात एक दिवसही राहिलं नव्हतं. ते एक गिऱ्हाईक होतं, पावभर जिरं होतं आणि हाताशी आलेला एक कागद होता.

बाबा हात धुवायला गेले तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, हे तू मले कधी काऊन नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी तिथं तुह्यं नाव घेतलं असतं."

"तुले ग्राउंडवर कोण नेत होतं, हे तर माहीत होतं ना?"

"बाबा बाजूले उभे होते, ताई," ती म्हणाली. मग कप बाजूला सारून, "आजच काढाचं होतं का हे?"

तिचं बरोबर होतं. तो तिचा दिवस होता आणि मी तो खराब केला. ती परत गेली तेव्हा तिनं मला जवळ घेतलं, पण सकाळसारखं नाही. परतीच्या प्रवासात बाबा सगळ्यांशी बोलले, माझ्याशी कामापुरतं. "पाणी दे," "टेसन कोणतं आलं," असं.

अल्लीपुरात धाकटीची मिरवणूक निघाली, बाबांना शाल-श्रीफळ मिळालं. मी बायकांत बसले होते. घरी आल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. बाबांनी तिला सांगितलं होतं.

"मले आठवते सगळं," ती म्हणाली. "त्या दिवशी तू जेवली नव्हती. पण आता कायले उकरतं? त्यायचं वय झालं."

"तुले आठवत होतं, तर तू तवा काऊन नाई बोलली?"

आई पोळी लाटत होती. तिनं ती तव्यावर टाकली, उलटली, फुगली तशी डब्यात ठेवली आणि दुसरा गोळा घेतला.

गेल्या महिन्यात वर्ध्यातल्या एका मुलींच्या शाळेनं बाबांना पाहुणे म्हणून बोलावलं. ते भाषण लिहून घ्यायला माझ्या दुकानात आले. कोरे कागद सोबत घेऊन. "तुह्यं अक्षर चांगलं हाये," म्हणाले. मी म्हटलं, माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. कागद घडी करून खिशात घातले, नवऱ्याबरोबर अर्धा कप चहा घेतला आणि ऑटोनं निघून गेले. भाषण नंतर गावातल्या कुण्या मास्तरानं लिहून दिलं. चांगलं झालं म्हणतात. टाळ्या पडल्या.

धाकटीनं त्याचा व्हिडिओ मला पाठवला, खाली काही न लिहिता. पुढच्या खेळांची निवड चाचणी जवळ आली आहे, ती रोज सराव करते आणि त्याचे व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकते. अजूनही शेवटच्या फेरीत तिचा डावा खांदा खाली जातो. मी तिला ते सांगितलेलं नाही.