त्यांचं माझ्या तोंडून, माझं त्यांच्या तोंडून

हनीफभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, इम्रानने केला तेव्हा मी अमरावतीच्या बाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभा होतो. "काका, अब्बा नाई राहिले," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो. इतका वेडगळ शब्द मी आयुष्यात कधी वापरला नसेल. भाजीवालीने दोनदा विचारलं, घेता की ठेवता, तेव्हा कुठे भानावर आलो, जुडी परत ठेवली आणि तसाच अकोटच्या एसटीत जाऊन बसलो. त्या रस्त्यावर खिडकी नेहमी हनीफभाईंची असायची. त्या दिवशी ती मला मिळाली, पण बाहेर काय बघायचं हे सांगणारं कोणी नव्हतं.

दफन झालं, आणि चारआठ दिवसांनी अकोटात शोकसभा झाली. मोहल्ल्यातली माणसं आली, खेड्यापाड्यांतले कास्तकार आले. एकामागून एक उठून सांगू लागले, की कापसाच्या वाईट वर्षांत आमचं दुखणं मांडणारा कवी गेला. एकाने तर हनीफभाईंची म्हणून एक कविता अर्धीमुर्धी म्हणूनही दाखवली. मी खाली मान घालून ऐकत होतो... कारण ती कविता माझी होती. आणि ज्या खरोखर त्यांच्या होत्या, त्या लोक माझ्या म्हणून ओळखतात. हा घोटाळा आम्ही दोघांनी मिळून, विचार करून केलेला. तो निस्तरायला आता मी एकटाच उरलो आहे.

आमची ओळख गादीवरून झाली. मी कृषी खात्यात होतो, बदली होऊन अकोटला आलो, आणि जुनी गादी भरून घ्यायला त्यांच्या दुकानात गेलो. घराणं पिंजाऱ्यांचं. कापूस पिंजता पिंजता ते काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं दुआ असेल. जरा वेळाने कळलं, गझल जुळवत होते. लिहायचे उर्दूत, बोलायचे मात्र माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी. मी म्हणालो, मीही कविता करतो. ते म्हणाले, "मंग बसा ना, कायले उभे हा?" गादी त्या दिवशी भरून झाली नाही.

माझ्या कविता कपाटात ठेवण्यापुरत्या होत्या. ती वर्षं कशी होती हे इथल्या माणसाला सांगायला नको. कपाशीची पराटी वाळत होती, गावागावांतून वाईट बातम्या येत होत्या आणि पीकपाहणीचा कागद मात्र मजेत होता. पाहणीला साहेबांसोबत मीच जायचो. एकदा तर साहेब जीपमधून उतरलेच नाहीत. त्यावर मी वऱ्हाडीत लिहिलं: साहेबानं काचातून वावर पाह्यलं, काच हिरवी होती, तं वावरही हिरवं. सरकारी माणसाने हे चारचौघांत वाचलं असतं तर घरी बसावं लागलं असतं. हनीफभाईंची अडचण निराळी. त्यांच्या धाकट्या बहिणीची शाळा सातवीनंतर सुटली होती, ते त्यांना कायम सलत होतं. त्यांनी मुलींच्या दप्तरांवर लिहिलं होतं:

बच्चियों के बस्ते खूँटी पे टँगे हैं,
और हम जलसे में इल्म की बरकत सुनते हैं।

हे मोहल्ल्यात वाचलं तर ज्यांच्या घरच्या गाद्या भरायच्या तेच मान फिरवून जाणार. शेवटी त्यांनीच तोड काढली. "वसंतभाऊ, तुमचं मी वाचतो, माहं तुमी वाचा. गादीवाल्यावर सरकार काय कारवाई करन? अन् तुमाले मोहल्ला काय करन?"

मग रविवार आला की आम्ही एसटीने निघायचो. कुठे गणपतीचं मंडळ, कुठे वाचनालय, कुठे उरूस. आम्ही कधी कोणाला खोटं सांगितलं नाही. कोणाची कविता हे कोणी विचारलंच नाही. वाचणाऱ्याचीच असणार असं लोक धरून चालत. प्रवासात ते माझ्याकडून घोटून घ्यायचे. "'ख' नाई भाऊ, घशातून काढा." मी घसा खरवडायचो आणि पुढच्या सीटवरची बाई पाण्याची बाटली पुढे करायची. आमचा एक दंडकच पडून गेला होता: ज्याची कविता, त्याने ती वाचली जात असताना मांडवात थांबायचं नाही. ते माझी कविता सुरू करत, तसा मी उठून बाहेर चहाच्या टपरीवर जायचो. सरकारी माणूस तिथे बसून मान डोलावताना दिसायला नको. मी त्यांची सुरू केली की ते बाहेर. इतकी वर्षं हिंडलो, पण त्यांच्या तोंडून माझी कविता मी पुरी कधी ऐकली नाही. बाहेर यायचं ते फक्त हसू, टाळ्या, आणि मधूनच एकदम पडलेली शांतता. तेवढ्यावर मी आठवडा काढायचो.

चांदूर बाजारजवळच्या एका गावात कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात होता. त्या आठवड्यात कुठल्याशा शहरात गडबड झाली होती आणि माणसं बिथरलेली होती. एक पंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमी वर या, पण त्याइले खाली पायरीपाशी उभं राहून वाचू द्या." माझं डोकं फिरलं. मी पिशवी उचलली. हनीफभाईंनी माझा हात दाबला. "थांबा ना. कार्यक्रम आपला हाये, देऊळ त्याइचं." ते पायरीपाशी उभे राहिले आणि मी ठरल्याप्रमाणे बाहेर निघालो. दारातून वळून पाहिलं तर अख्खा मंडप उठून फिरून बसत होता, त्यांच्याकडे तोंड करून. पंच व्यासपीठावर एकटेच उरले होते, तेही वाकून वाकून ऐकत होते. परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी भांडलो. अपमान गिळायची सवय बरी नाही, म्हणालो. ते म्हणाले, "गिळला नाई. तुमची कविता वाचून आलो."

बार्शीटाकळीला उलटा प्रकार. मी त्यांची बस्त्यांची कविता वाचली, तेव्हा दोन बुजुर्ग उठून गेले, पण तिसरे माझ्याजवळ आले आणि डोळे पुसत म्हणाले, "बेटा, सच्ची बात कही. किसके लड़के हो?" मी वडिलांचं नाव सांगितलं, नामदेवराव. ते माझा हात धरून म्हणाले, "तो भी आओ, खाना खाके जाओ." हनीफभाईंनी हे ऐकलं आणि एसटीत अकोटपर्यंत हसत होते.

सलोख्यावर भाषणं ऐकली की मला कंटाळा येतो. आमचं दोघांचं पुष्कळ गोष्टींत पटायचं नाही. पण दुसऱ्याचं आपल्या तोंडून बोलायचं तर आधी ते पाठ होईस्तोवर ऐकावं लागतं, आणि पाठ झाल्यावर माणसावर राग धरणं अवघड होऊन बसतं. माझ्यापुरतं मला एवढंच समजलं.

मी निवृत्त झालो तेव्हा म्हणालो, आता आपापलं आपण वाचू. ते म्हणाले, "तुमी रिटायर झाले भाऊ. मी मोहल्ल्यातून कुठं रिटायर होऊ?" माझी कविता मी माझी म्हणून सांगितली असती, तर बस्त्यांची कोणाची हेही लोकांनी विचारलं असतं. म्हणून मी गप्प राहिलो. पुढे त्यांचा दमा वाढला, कापसाची धूळ छातीत बसली होती, आणि फिरणंच थांबलं. शेवटचे भेटले ते अकोल्याच्या दवाखान्यात. बोलवत नव्हतं. मी बस्त्यांची कविता हळू आवाजात म्हणू लागलो, तर त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मला वाटलं जा म्हणतायत. मग लक्षात आलं, दंडकाप्रमाणे बाहेर त्यांना जायचं होतं.

शोकसभेनंतर हनीफभाईंच्या बायकोने, शमीमभाभींनी, मला घरात बोलावलं. "भाईसाब, लोग आपका कलाम उनका बोल रहे हैं. उनको ये अच्छा नहीं लगता. और उनका उनको दे दो. अब मोहल्ला उनका क्या बिगाड़ेगा?" मी इम्रानकडे पाहिलं. दुकान आता त्याला चालवायचं आहे, त्याच मोहल्ल्यात. त्याने बाहीवरचा कापूस झटकला. मग म्हणाला, "सांगा काका. माही पोरगी नववीत हाये."

गेल्या पंधरवड्यात चांदूर बाजारला बोलावणं होतं. एकटाच गेलो. आधी बस्त्यांची वाचली आणि सांगितलं, ही हनीफभाईंची आहे, पहिल्यापासून त्यांचीच होती. मग सांगितलं, साहेबाच्या जीपवरची माझी.  स्वतःची कविता लोकांसमोर मी पहिल्यांदाच वाचत होतो.  लिहिली होती तशी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली: "साहेब, जरा काच खाली करा." आणि थांबलो. कोणी हसलं नाही.

पुढे बसलेला एक म्हातारा म्हणाला, "तसं नाई ते, भाऊ. हनीफभाई म्हनत, 'काच राहू द्या साहेब, वारा लागन तुमाले.'"

मांडवात हसू फुटलं, आणि लगेच सगळं शांत झालं. तेच हसू, तीच शांतता... इतकी वर्षं मी बाहेर टपरीवर उभा राहून ऐकत आलो होतो, माझ्या ओळीची समजून.