आईचा कोट

शिंपीणबाई स्वभावाने तशी वाईट नव्हती. सगळ्या गल्लीला तिने कपडे शिवून दिले, कुणाचं माप कधी चुकवलं नाही. पण धाकट्या बहिणीचा विषय निघाला की तिच्या कपाळाची शीर उडायची. आणि आज तीच धाकटी सकाळपासून भर पावसात, यात्रेच्या वाटेवर, हिच्या चार पावलं पुढे चालत होती. तेही आईचा कोट घालून!

कोट मेणकापडाचा, शिंपीणबाईनेच आईसाठी शिवलेला. त्या दूरच्या देवस्थानाला पायी जायचं, असं आई जन्मभर म्हणत राहिली, गुडघे ऐकेनात. डोळे मिटण्याआधी म्हणाली, "तुम्ही दोघी जाऊन या गं." आणि कोट दिला धाकटीला. आजारपण, पथ्यपाणी, रात्रीची जागरणं हिने काढायची, आणि कोट सणासुदीला फळांची पिशवी घेऊन येणारीला! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

अशा कोटाच्या शिवणींवर दर पावसाळ्याआधी मेण घासावं लागतं, नाहीतर सुईच्या भोकांतून पाणी आत शिरतं. शिंपीणबाई ते काम न चुकता करायची. यंदा धाकटीने कोट तिच्याकडे आणून दिला, तेव्हा तिने बटणं घट्ट केली, कॉलर पुसली आणि शिवणींना हात लावला नाही. विसरली मुळीच नव्हती. भिजू दे जरा बयेला, असं स्वतःशी म्हणाली होती.

आता बया भिजत होती. सारखी खांदे झटकत होती. शिंपीणबाईला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. पण चढ लागला आणि धाकटीला खोकला सुरू झाला. लहानपणापासून तिची छाती नाजूक. त्या खोकल्याचासुद्धा हिला हेवा वाटायचा, कारण त्याच्यापायी दुधावरची साय कायम धाकटीच्या वाटीत पडली. आज मात्र तो ऐकवेना.

वळणावर पत्र्याखाली चहाचं दुकान होतं. चहावालीने धाकटीला ओढूनच चुलीजवळ बसवलं आणि कोट उतरवला. आत पोलक्यावर दोन्ही खांद्यांवरून ओल्या रेघा उतरल्या होत्या, बरोबर शिवणीखाली.

"फेकून द्या हो हा कोट, चाळण झालीये त्याची," चहावाली म्हणाली.

"त्याला नावं नका ठेवू. ताईच्या हातचा आहे," धाकटी म्हणाली. "मीच कुठेतरी धसमुसळेपणा केला असेन."

"आईने दिला म्हणून एवढं मिरवायला नको," शिंपीणबाई फणकारली.

"दिला कुठे? ती म्हणत होती, ताईला राहू दे. मीच रडून मागून घेतला."

"का? तुला काय कमी होतं?"

धाकटीने चहाचा पेला खाली ठेवला. "सगळ्या गल्लीला शिवून दिलंस तू. मला साधं झबलंसुद्धा नाही. लग्नातलं पोलकंही बाहेरून शिवून आणलं माझं. आई वाळत गेली तशी दरवर्षी तिला समोर उभी करून खांद्याचं माप घ्यायचीस, कोट आत घ्यायचीस. मी आले की दारात बसून बघायचे. आईचा इतका हेवा वाटायचा मला, ताई."

 हेवा म्हणजे आपली एकटीची मिरास, असं शिंपीणबाई समजून चालली होती.

तिने बटव्यातून दोऱ्याला लावायचा मेणाचा खडा काढला, कोट मांडीवर पसरला आणि शिवणी घासू लागली. घासलेली शिवण चुलीच्या धगीवर धरायची, पुन्हा घासायची.

"मेण राहिलं होतं," ती म्हणाली. राहिलं की ठेवलं, हे सांगायचा धीर तिला झाला नाही.

कोट झटकून तिने धाकटीच्या अंगात घातला. खांद्यात तो आवळत होता. आवळणारच, माप आईचं. तिने तो पुन्हा काढला.

"उभी राहा नीट."

"कशाला?"

"माप घेते. घरी गेल्यावर तुला नवा शिवते."

तिने धाकटीच्या ओल्या खांद्यावर वीत टेकवली. धाकटीने खोकला गिळला आणि ताठ उभी राहिली, हलली तर माप चुकेल म्हणून.