निळी वही

आमच्या कंटेनर यार्डात ट्रक ड्रायव्हरांचे गेटपास मराठीत निघतात, कारण फाटकावरच्या वॉचमनला इंग्रजी वाचता येत नाही. पासवरचं नाव आणि लायसनवरचं नाव जुळलं की ट्रक आत. अकरा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर बदलले आणि त्या नावांचा पार विचका झाला. सॉफ्टवेअर जुनंच राहिलं, ते एका काळ्या खिडकीत उघडायचं, आणि त्या खिडकीत निम्मी अक्षरं भलतीच दिसायची. पासही त्याच खिडकीतून तसाच छापून निघायचा.

तो गोंधळ मी निस्तरला. कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर उमटतं, हे महिनाभर खपून एका निळ्या वहीत लिहून काढलं. मुख्य ऑफिसातून बिघडलेलं नाव आलं की वही उघडायची, स्क्रीनवर बरोबर दिसेपर्यंत टाइप करायचं आणि सेव्ह करायचं. न्हावा शेव्याच्या रस्त्यावर ट्रकची रांग लागली की मॅनेजर धावत माझ्याकडे यायचे. "सर, तुमच्याशिवाय इथे पान हलत नाय," म्हणायचे. त्या वाक्यावर मी अकरा वर्षं जगलो. मधूनमधून मुख्य ऑफिसातून फोन यायचा, तुमच्याकडून नावं बिघडून येतात म्हणून. मी त्यांनाच अडाणी ठरवून फोन ठेवायचो.

मग बोनकोड्याची एक बाई आमच्या सेक्शनला आली. तिशीतली, डब्यात सुकट आणणारी. सगळं ऑफिस मला सर म्हणतं, हिने पहिल्याच दिवशी काका केलं. आठवड्याने माझ्या वहीत डोकावून म्हणाली, "काका, हा तक्ता कोनी बनवला? खिडकीच्या सेटिंगमधी कॅरॅक्टर सेट चुकीचा हाय ना?"

मी काही बोलायच्या आत तिने खिडकीच्या कोपऱ्यातला मेनू उघडला, यादीतला दुसरा सेट निवडला, आणि समोरची, नुकतीच आलेली सगळी नावं सरळ झाली. माझा चहासुद्धा निवला नव्हता. तो मेनू मी अकरा वर्षांत एकदाही उघडला नव्हता. सगळे तिच्या खुर्चीभोवती जमले. मी "छान, छान" म्हणालो, पण माझ्या पोटात असं दुखलं की त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर सात ट्रक अडकले. पासवर पुन्हा अगम्य अक्षरं! मला इतका आनंद झाला की सांगायलाही लाज वाटते. मॅनेजरांच्या देखत मी आवाज चढवला, "म्हणून म्हणतो, समजत नसेल तर हात लावू नये." ती अडकलेल्या नावांची यादी बघत राहिली.

दुपारी मॅनेजर बाहेर गेल्यावर ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. हळू आवाजात म्हणाली, "काका, बिघडलेली नावं फक्त तुमी सुधारलेलीच हायत."

मग तिने समजावलं. कॉम्प्युटर अक्षर ठेवत नाही, आकडा ठेवतो. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर दाखवायचं हे खिडकी ठरवते, तोच तो कॅरॅक्टर सेट. मुख्य ऑफिसने भरलेली नावं मुळात बरोबरच होती. चूक आमच्या खिडकीची होती, आणि त्याच खिडकीतून टाइप करून मी चांगल्या नावांचे आकडे बदलत आलो होतो. अकरा वर्षं मी दुरुस्त करत नव्हतो, बिघडवत होतो. आणि सकाळी सगळ्यांसमोर ओरडून मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

"वही द्याल का? तक्ता उलटा फिरवून सगळी नावं परत आनता येतील."

द्यायची नव्हती. वहीच्या ड्रॉवरची किल्ली मी दोनदा परत खिशात टाकली. शेवटी वही काढून दिली.

दोन दिवसांत सगळी नावं सरळ झाली. मॅनेजरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काकांची वही होती म्हनून झालं. नायतर जमलं नसतं." एवढंच. चूक कुणाची होती, ते तिने कधीच कुणाला सांगितलं नाही.

"बघा, मी म्हणतो ना," मॅनेजर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सरांशिवाय इथे पान हलत नाय."

ती तिच्या स्क्रीनकडे बघत होती. मला लाज वाटलीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हेवा वाटला. मेनू मीही कधीतरी शोधला असता. तिच्या जागी असतो, तर गप्प मात्र बसलो नसतो.