साड्यांचा काय गुन्हा?

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

माझी आई वीस वर्षं घरी साड्यांना फॉल-पिको करते. आज गुलमंडीवरच्या एका साडीच्या दुकानात ती मुलाखतीला गेली, मी सोबत होते. काम काय, तर गिऱ्हाइकांनी उघडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालायच्या.

मॅनेजरनं मोबाईलमध्ये बघून विचारलं, "प्लिकेट म्हणजे काय?"

"नाय माहीत, साहेब."

"घडी घालणं! आमच्याकडं शिकलेली गिऱ्हाइकं येतात, मावशी. एवढं तरी यायला पाहिजे. नाही जमणार तुमचं."

अहो, मी इंग्रजीत एमए केलंय. हा शब्द मी कधी वापरला नाही, कुणाच्या तोंडून ऐकलाही नाही. शास्त्राच्या पुस्तकात असेल, पण साडीच्या दुकानात?

आम्ही उठलो, तर हा गृहस्थ म्हणतो, "मावशी, जाता जाता तेवढ्या चार पैठण्यांच्या घड्या घालून देता का? आमच्या पोरींना जमत नाही."

मी आईचा हात ओढला, पण ती खाली बसली. जुनी घडी सोडून तिनं प्रत्येक पैठणी नव्या जागी दुमडली. "एकाच घडीवर लई दिवस ठेवू नका, जरीची तार तुटती," एवढंच बोलली.

बाहेर आल्यावर मी भडकले, "कशाला घातल्यास घड्या?"

"साड्यांचा काय गुन्हा, बाई?"

साड्यांचा नव्हता, मान्य. मग माझ्या आईचा काय होता, तेवढं कुणीतरी सांगा.