लाठी परत करायला किरनापूरला

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

तुमच्यातल्या धाकट्याला कराटेच्या वर्गाला जावंसं वाटत नाही, आणि त्यावर तुमच्या बाबांनी माझं उदाहरण दिलं, असं मला फोनवर कळलं. "आजीने चाळीस वर्षं लाठी फिरवली, एकदाही कंटाळली नाही," असं ते म्हणाले म्हणे. उदाहरणाने स्वतःच खुलासा केलेला बरा. नाहीतर ते फार वाढतं.

मी तिशीत असताना आमच्या बालाघाटच्या सरकारी क्वार्टर्समधल्या बायकांनी लाठी शिकायचं ठरवलं. शिकवायला मिळाल्या मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या बाई. मूळच्या जवळच्या किरनापूर गावच्या, अंगाने काडी आणि आवाजाने नगारा. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, म्हणून त्या मला पहिल्या दिवसापासून 'इंग्रजीवाली' म्हणत. संध्याकाळी पाच वाजता देवळामागच्या पटांगणात आम्ही पदर खोचून उभ्या राहायचो. बाईंचे नियम कडक होते. लाठी जमिनीवर आडवी ठेवायची नाही. दर शनिवारी तिला जवसाचं तेल पाजायचं. तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, तिने मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा पाडायच्या नाहीत, माकडं हाकलायची नाहीत. रागाने तर उचलायचीच नाही. आणि शेवटचा नियम असा: ज्या दिवशी सोडावीशी वाटेल, त्या दिवशी लाठी मला आणून द्यायची, घरच्या कोपऱ्यात धूळ खात ठेवायची नाही.

मला नियम आवडतात. मी सगळे पाळले. परिणाम असा झाला की मारण्याची कला मी इतकी वर्षं शिकले आणि माझ्या लाठीने चाळीस वर्षांत कशालाच मारलं नाही. माकडं आमच्या गच्चीवरचे पापड खात बसत आणि मी आतून टाळ्या वाजवून त्यांना हाकलत असे. शेजारीण म्हणायची, "काकू, तुमच्या घरी एवढी लाठी आहे, कशाला घाबरता?" लाठी आहे म्हणूनच अडचण होती, हे तिला समजावणं कठीण होतं.

हळूहळू बायका गळाल्या. एकीचे गुडघे गेले. एकीची बदली झाली. तहसील कचेरीतल्या एकीची लाठी म्हणे घर बदलताना ट्रकमधून हरवली. तिच्या लाठीच्या मुठीवर निळी पट्टी होती, मला फार आवडायची. तेव्हा मला या सगळ्यांची जरा कीव यायची. शेवटी पटांगणात मी एकटी उरले. घोळक्यातून माणूस गुपचूप निघून जाऊ शकतं, पण घोळकाच आपण असलो तर निघणार कुठून?

बाई निवृत्त होऊन किरनापूरला गेल्या, तरी मी दर दसऱ्याला लाठीची पूजा करून त्यांना फोन करायचे. "बाई, सराव चालू आहे." पलीकडून यायचं, "हौ, चालू दे." कधी अंग जड वाटलं की मी मनात म्हणे, या वेळी नव्वदीला टेकलेल्या बाई तिकडे अंगणात लाठी फिरवत असतील आणि तू, सत्तरीची पोर, खुर्चीत बसून आहेस! की मी उठायचेच.

मग मागच्या वर्षी एका संध्याकाळी, लाठी डोक्यावरून फिरत असताना, माझ्या लक्षात आलं की मी स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे मनातल्या मनात नव्याने लावते आहे. हळद खाली, धणे वर. हात आपले फिरत होते, त्यांना माझी गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तसाच मनात किराणा लावला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि मला आनंद झाला. पूर्वी पटांगणात कोणी लग्नाचा मांडव घातला की मी नगरपालिकेला तक्रारीचं पत्र लिहायचे. त्या हिवाळ्यात मी वरातीकडे कृतज्ञतेने पाहत उभी राहिले.

मन लागत नाही, एवढंच झालं होतं. पण एवढंच कोणाला पुरत नाही. डॉक्टरांनी जीवनसत्त्व कमी असल्याचं सांगितलं. शेजारीण म्हणाली, "काकू, नजर लग गई है," आणि मीठ-मिरच्या ओवाळून गेली. तुमच्या बाबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला, त्यात एक तरुण डोंगरावर उभा राहून जगाला उठायला सांगत होता. तुमचे आजोबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "शत्रू कंटाळून निघून गेला असेल. आता तहाचं बघा."

तह करायचा तर बाईंशीच करावा लागणार होता. माझी खरी भीती तीच होती. लाठी सुटल्याचं दुःख मला फारसं नव्हतं, पण बाईंच्या नजरेतून उतरायचं या वयात जमेल असं वाटत नव्हतं. त्यांच्या सगळ्या शिष्यांत टिकलेली मीच एक, हे त्यांना ठाऊक होतं आणि मला तर जरा जास्तच ठाऊक होतं. फोनवर सांगावं म्हणून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. नियम लाठी आणून देण्याचा होता.

पोळा झाल्यावर एका सकाळी मी लाठी घेऊन किरनापूरच्या बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, "अम्मा, गाँव में झगड़ा है क्या?"

"झगड़ा नहीं, भेंट है," मी म्हटलं.

"भेंट में लाठी! भगवान बचाए ऐसे रिश्तेदारों से."

लाठी आडवी ठेवायची नाही, म्हणून ती मी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरून बसले. गर्दी वाढली तशी एका उभ्या बाईने खुशाल तिला धरलं आणि वळणावळणावर तोल सांभाळत राहिली. "लय मजबूत हाय वो माय," ती उतरताना म्हणाली. लाठीचा कोणाला आधार झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. दोन्ही बाजूंना धान हिरवंगार उभं होतं, आणि मी तीन मुद्द्यांचं भाषण मनात जुळवत होते: कृतज्ञता, कारण, क्षमायाचना.

बाईंच्या घरी मी कधी गेले नव्हते. विचारत विचारत पोचले. त्यांच्या पुतण्याच्या सुनेने "आजी मागं वाडीत हायेत," म्हणून बोट दाखवलं. मागे दोडक्याचा मोठा मांडव होता आणि त्याच्याखाली बाई पाटावर बसून दोडके निवडत होत्या.

"कोन व्हय?"

"बाई, मी. बालाघाटची."

"इंग्रजीवाली! ये, वाकून ये. वेल लागन डोक्याले."

मी वाकले, आणि वाकलेलीच राहिले. डोळ्यांसमोर मांडवाचा एक खांब होता आणि त्याला निळी पट्टी होती. विटलेली, पण निळीच. ट्रकमधून हरवलेली लाठी. शेजारच्या खांबावर एक नाव कोरलेलं होतं, गुडघे गेलेल्या मैत्रिणीचं. मग मी एकेक खांब पाहत गेले. सगळा मांडव ओळखीचा होता.

"बाई, या..."

"हौ, तुमच्याच. तेल पाजलेल्या हायेत ना, वाळवी लागत नाही. लय कामाच्या."

"सगळ्यांनी आणून दिल्या?"

"एकेक करून. समद्या चोरासारख्या आल्या, तुह्यासारख्या." त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली. "पह्यली आली तवा मी लय रडली. दुसरी आली तं म्हनलं, दोन झाल्या, माही धरून तीन. आता वेल चढते."

"तुमची धरून?"

"थे मंधातली."

मधला खांब सर्वांत जुना आणि काळा होता. बाई निवृत्त होऊन घरी आल्या त्याच साली त्यांनी तो गाडला होता म्हणे. म्हणजे ज्या अंगणाकडे पाहून मी इतकी वर्षं खुर्चीतून उठत होते, त्या अंगणात बाई दोडके लावत होत्या.

"मग मी दर दसऱ्याला सांगायचे, सराव चालू आहे म्हणून, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत?"

"तुले सांगाची हौस होती. म्या काहून मोडू?"

माझ्या भाषणातला पहिला मुद्दा तिथेच गेला. दुसरा मी घाईने उरकला. "बाई, आता मन लागत नाही."

"नसन लागत." त्यांनी एक जून दोडका बाजूला टाकला. "चाळीस वर्सं लागलं ना? भात बी रोज खाऊन कटाळते मानूस. बोल, गाडाच्या आधी एक बार फिरवून दाखव."

मी मांडवाबाहेर कडेला येऊन पदर खोचला. जागा कमी, बाजूला लोंबता वेल, आणि समोर बाई. फिरवली. चार फेऱ्या नीट झाल्या असतील, पाचव्या फेरीला टोक वेलाला लागलं आणि एक लांबलचक दोडका धप्पकन माझ्या पायाशी पडला. माझ्या लाठीने आयुष्यात कोणाला मारलं असेल तर त्याला.

बाईंनी तो उचलून टोपलीत टाकला. "कवळा व्हता बिचारा. मनगट अजून बी ढिल्लंच हाय तुहं." मग उत्तरेकडे हात केला. "त्या कोपऱ्यात वेल लोंबून राह्यला. दोन सालापासून एक खांब कमी पडते. म्हनलं, इंग्रजीवाली कवा येते त कवा."

म्हणजे माझी वाट पाहिली जात होती. मी टिकून राहिल्यामुळे कोणाची अडचण होत असेल, असं मला कधी सुचलंच नव्हतं.

सब्बलने, म्हणजे पहारीने, खड्डा मीच खणला. माती ओली होती. लाठी उभी गाडली, आडवी नाही, तेव्हा नियमही मोडला नाही. बाईंनी सुतळीने वेल बांधला आणि कोपरा वर आला. क्षमायाचनेचा मुद्दा राहूनच गेला, आणि त्यांनी तो काढलाही नाही. चहा झाला, पिशवीभर दोडके मिळाले.

परतीच्या बसला कंडक्टर तोच होता. "अम्मा, लाठी कहाँ गई? टूट गई?"

"ज़मीन में बो दी," मी म्हटलं. त्याने मला पुढची सीट रिकामी करून दिली, बहुधा माझ्या डोक्याची काळजी वाटून.

घरी दोडक्याची भाजी केली, शिरांची चटणी केली. तुमच्या आजोबांनी दोनदा वाढून घेतली आणि विचारलं, "तहाच्या अटी काय?" मी म्हटलं, "याच." दुसऱ्या दिवशी पाच वाजता पाय आपोआप चपलांकडे गेले. त्यांना मी परत बोलावलं आणि मसाल्याचे डबे खरोखरच नव्याने लावले.

तेव्हा धाकट्या, तुझं मन लागत नसेल तर सोड. बाबांनी माझं उदाहरण द्यायचं तर खुशाल द्यावं, पण पूर्ण द्यावं. मात्र सरांना बाबांकरवी मेसेज पाठवायचा नाही. पट्टा आणि पांढरा पोशाख धुऊन, घडी करून, स्वतः घेऊन जायचं आणि त्यांच्या तोंडावर सांगायचं. ते काय म्हणतील याची तुला वाटते तेवढी खात्री बाळगू नकोस.

यंदाच्या दसऱ्यालाही मी सवयीने बाईंना फोन लावला. लावल्यावर कळेना, आता काय सांगायचं. त्यांनीच विचारलं, "इंग्रजीवाली? तुह्या कोपऱ्यात लय लागून राह्यले वो. कवा येतं तोडाले?"