तरवड उगवेल तेवढंच गारमाळ

जयवंता खारतोडे फ्रान्सात राहून आला होता, याचं गारमाळात कुणाला कौतुक नव्हतं. गाव तसं कशाचंच कौतुक करणारं नाही. बारामती आणि इंदापूर यांच्या मधे, कालव्याच्या अगदी शेपटाला ही वस्ती. खालच्या अंगाला काळी, चिकण, उसाची जमीन आणि वरच्या अंगाला गारगोट्यांचा माळ. त्या माळावरूनच गावाला नाव पडलं. मी तिथं लोकल बोर्डाच्या शाळेवर मास्तर होतो. जयवंताबद्दल गावाचं मत एवढंच, की तो खेचरांमागं गेला आणि खेचरांमागून परत आला.

ते खोटंही नव्हतं. जर्मनच्या लढाईत तो पलटणीची खेचरं हाकायला गेला. मार्सेय बंदरावर उतरला आणि तिथंच एका खेचरानं त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. लंगडा माणूस आघाडीवर काय कामाचा, म्हणून त्याला तळावरच ठेवला आणि पुढं दोन खेचरांसकट ऱ्होन नदीकाठच्या एका गावात नांगरटीला उसना दिला. घरचे पुरुष लढाईवर गेलेले. मळा सांभाळायला एक म्हातारी होती आणि मळा द्राक्षांचा होता.

त्या म्हातारीची भाषा जयवंताला येत नव्हती, पण मातीची कळत होती. सगळ्यात चांगला वेल ती गोट्यांत लावी, काळ्या जमिनीत भाजी करी. ओढ्यापलीकडच्या एका माणसाशी ती बोलत नसे, कारण तो आपली द्राक्षं तिच्या गावाच्या नावावर खपवत असे. "मानसाचं नाव चोरलं तर एक येळ चालंल, पन रानाचं नाव चोरायचं म्हंजी लईच," असं तिचं म्हणणं असावं, हे जयवंतानं तिच्या हातवाऱ्यांवरून ताडलं होतं.

परत आल्यावर त्यानं आपल्या माळावर नाशकाकडची भोकरी जातीच्या द्राक्षांची कलमं लावली, आधाराला पांगारे उभे केले. खाली सगळं गाव ऊस लावत होतं आणि हा वर दगडांना पाणी पाजतोय म्हणून लोक हसले. पाच-सहा वर्षांनी हसणं आपोआप थांबलं. मणी लहान, पण साल पातळ आणि गोडी अशी, की पुण्याच्या मंडईतले दलाल पाटी उघडायच्या आत विचारू लागले, "गारमाळी आली का?" नाव जयवंतानं दिलेलं नव्हतं. गिऱ्हाइकांनी दिलं आणि ते चिकटलं.

मग व्हायचं तेच झालं. ज्यांनी नावं ठेवली होती त्यांनीच वेल लावले, आणि लावले ते काळ्या रानात. पाणी भरपूर, मणी मोठे, घड दिसायला भरदार आणि चवीला पाणचट. तेही बारामतीहून रेल्वेत चढताना गारमाळीच झाले. छत्तीस सालच्या हंगामात एका दलालानं जयवंताच्याच पाट्या न उघडता परत पाठवल्या. गारमाळी आता पूर्वीची राहिली नाही, असा निरोप बरोबर होता. जयवंता त्या दिवशी शाळेत येऊन माझ्यासमोर मुलांच्या बाकावर बसून राहिला. रडला नाही, पण रडला असता तर बरं झालं असतं असं तोंड होतं.

शाळेत शेतीखात्याचं एक इंग्रजी मासिक यायचं. त्यात नेमकी फ्रान्सच्या नव्या कायद्याची हकीकत होती. कोणत्या गावाच्या नावानं कोणती दारू विकायची, हे तिथल्या सरकारनं बांधून दिलं होतं. ऱ्होनकाठच्या शातोनफ नावाच्या गावानं तर आपले नियम बारा-तेरा वर्षं आधीच स्वतः केले होते. वेल कोणत्या जातीचे, छाटणी कशी, तोडणीच्या वेळी काही घड टाकूनच द्यायचे, असं बरंच काही. मी वाचत गेलो आणि जयवंता गुडघा चोळत ऐकत होता. जमिनीच्या कलमाशी आल्यावर तो म्हणाला, "ह्ये परत वाचा."

कलम असं होतं, की ज्या रानात थाइम आणि लॅव्हेंडर ही दोन झुडपं शेजारी शेजारी आपोआप उगवतात, तेवढंच रान त्या नावाचं. नकाशा नको, मोजणीदार नको. थाइमला साधारण ओव्याचा वास असतो असं मी सांगितलं.

"मला काय सांगता मास्तर," जयवंता म्हणाला. "खेचराच्या खुराखाली चिरडलं की वास सुटायचा. आपल्याकडं त्येच्या जागी तरवडाचं झुडूप आन् कुसळाचं गवत. काळ्या रानात दोनी येत न्हाईत."

मला ते इतकं पटलं, की मीच मारुतीच्या देवळापुढं बैठक बोलावली. वेलांना पाणी द्यायचं नाही असंही फ्रान्सात आहे, हे मी उगाच सांगितलं; त्यावर लोक पोट धरून हसले. अप्पा म्हणून आमच्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी विचारलं, "म्हंजी गुत्त्यावरच्या दारूपायी सरकारनं एवढा कायदा केला?" मी हो म्हटल्यावर त्यांचं फ्रान्सबद्दलचं मत कायमचं झालं. पण नाव बुडालं तर सगळ्यांचाच माल पडून राहणार, हे सगळ्यांना दिसत होतं. तेव्हा ठरलं ते असं. दर भादव्यात, छाटणीच्या आधी, रानं फिरून बघायची. तरवड आणि कुसळ दोन्ही उभी दिसली तर ते रान गारमाळी. ज्याच्या रानात नसतील त्यानं पाटीवर गावाचं नाव घालायचं नाही, पुढच्या भादव्यापर्यंत थांबायचं. आपल्या माणसाचं रान म्हणून सवलत नाही, हे जयवंतानं सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

बघायला मी आणि गेणबा. गेणबा शेरडं राखायचा. त्याचा एकही वेल नव्हता, म्हणून तो निःपक्षपाती. बागाईतदार मागून येत होते. पहिल्यांदा खालच्या अंगाच्या मोहनराव बागाईतदारांचं रान लागलं. अस्सल काळं रान, आणि बांधावर तरवड फुलून डौलात उभा. गेणबानं दोन बोटांनी धरला तर तो मुळासकट हातात आला. "पावना हाय," गेणबा म्हणाला. "रातच्याला आल्याला दिसतोय." मोहनराव दुसरीकडं बघू लागले. वरच्या अंगाच्या रानांत दोन्ही आपोआप उभी होती. ती पास झाली.

मग आम्ही जयवंताच्या बागेत शिरलो. आणि तिथं काहीच नव्हतं. पांगारे, वेल, दगड. तरवड नाही, कुसळाची काडी नाही, बांधही शेणानं सारवलेल्या अंगणासारखा. जयवंता या टोकापासून त्या टोकापर्यंत लंगडत गेला आणि परत आला. इतकी वर्षं रोज त्या रानात वावरला, पण ही गोष्ट त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

त्याची बायको कुशाबाई खुरपं घेऊन ओळीत बसली होती. काय शोधताय म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं.

"तरवड? माझ्या रानात?" ती म्हणाली. "मास्तर, ह्ये तिकडं लढाईवर व्हते तवा माझा दीर, भिमा, रोज बांधावर यायचा. वयनी, रान पडलं, आता आमी कसतो, म्हनायचा. येक तरवड दिसला तरी रान पडीक म्हनायला त्येला पुरं व्हतं. मी येकेक मुळी खनून काढलीया. साल कातडं कमावनाऱ्या ढोरास्नी इकली. तवापासनं हितं तरवड उगवू दिला न्हाय."

आता गंमत बघा. नाव ज्याच्या द्राक्षांमुळं पडलं त्याचंच रान नावाबाहेर. गेणबा म्हणाला, रान वरचंच आहे, कुणालाही कळतंय, द्या सोडून. मीही तेच म्हटलं. मोहनराव मात्र म्हणाले, "नेम म्हंजी नेम." आणि जयवंता म्हणाला, "बराबर हाय."

त्या हंगामात त्याच्या पाट्या बिननावाच्या गेल्या. दलालांनी त्या साध्या मालाच्या ढिगात टाकल्या. शेजारच्या रानांची द्राक्षं गारमाळी म्हणून गेली आणि चांगली गेली. मंडईत स्वतः जायचं जयवंतानं बंद केलं. नाव गेल्याचं दुःख त्याला आतून खात होतं.

फाल्गुनात त्यानं कुशाबाईला एकच मागणं केलं. वरचा बांध आणि खालची एक पट्टी तेवढी सोड, खुरपू नको. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. खुरपं मात्र त्या बाजूला गेलं नाही. पाऊस पडल्यावर पट्टीत कुसळ आलं. बांधाच्या पोटात जुन्या मुळ्या राहिल्या होत्या, त्यांतून तरवड फुटला. भादव्यात त्याला पिवळी फुलं आली. जयवंता रोज सकाळी आधी त्याच्याकडं जायचा, मग वेलांकडं. कुशाबाई त्या बांधावरून जायचं टाळायची, लांबून वळसा घालायची.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी तिथंच होतो. तरवड माझ्या कमरेला लागत होता. दोघं नवराबायको ओळीत काम करत होती. बांधावरून भिमा चालला होता, तोही आता म्हातारपणाकडं झुकलेला. त्यानं तरवड बघितला आणि हसत हसत हाक दिली, "वयनी, रान पडलं जनू." थट्टाच होती. जयवंताही हसला. कुशाबाई हसली नाही, पण त्याकडं तेव्हा माझं नीट लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे वर गेलो, तेव्हा बांध स्वच्छ होता. तरवडाच्या जागी ओल्या मातीचे खड्डे. पट्टीतलं कुसळही गेलेलं. कुशाबाई खाली मान घालून ओळीत खुरपत होती, आणि शेजारी उपटलेल्या झाडांचा ढीग होता, फुलं अजून कोमेजलीसुद्धा नव्हती.

शेवटी गेणबा म्हणाला, "काल व्हता की. मास्तरांनी बी बघितलाय. उभा हाय म्हनून धरा." मोहनरावांनी घसा साफ केला. "धरा, धरा," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मी जयवंताकडं बघितलं. त्यानं नुसतं हूं म्हटलं असतं तरी त्याचं नाव त्याला परत मिळत होतं. मला तर कुशाबाईचा रागच आला होता. वर्षभर धीर धरला, आणखी एक रात्र धरता आला नसता का, असं वाटत होतं.

जयवंतानं आधी खड्ड्यांकडं, मग तिच्या पाठीकडं बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला. "ह्या रानात तरवड न्हाय. फुडं चला."

आम्ही वळलो. तो मात्र बांधापाशी गुडघा सावरत वाकला. एका खड्ड्यात मुळीचा तुकडा राहिला होता. तो त्यानं बोटांनी उकरून काढला आणि नेऊन कुशाबाईच्या ढिगावर ठेवला.